गाडी धुण्याचा मिट घेताना मी आधी शिवण बघितली

सांगलीत हरिपूर रस्त्याला माझं शिवणकामाचं छोटं युनिट आहे. सहा मशिनं, चार बायका. जूनच्या आधी शाळांचे गणवेश, लग्नसराईत ब्लाउज. कापड हातात घेतलं की धागा कुठला, वीण किती घट्ट, पहिल्या धुण्यात आटेल का, हे मला बऱ्यापैकी सांगता येतं. पण गाडीच्या रंगावर फिरवायचा मिट, म्हणजे हातमोज्यासारखा हातात घालून गाडी धुवायचं लवेचं कापड, तोही तितकाच पारखून घ्यावा लागतो, हे मला बोनेट खराब झाल्यावर कळलं.

गाडी बलेनो, गडद निळी. २०२३ च्या दिवाळीत घेतली. वापरलेलीच, पण माझ्या नावावरची पहिली गाडी. इचलकरंजीहून तागे आणायला टेम्पोवाल्याची मनधरणी करायला लागायची, ती तेव्हापासून संपली. पहिले काही महिने गाडी एका वॉशिंग सेंटरला धुवायला द्यायचे. तिथला पोरगा कष्टाळू होता, पण त्याच्याकडे फडकं एकच. त्यानंच चाकं, त्यानंच दारं, आणि शेवटी बोनेट. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं. मला ते खटकायचं, पण गाड्यांतलं आपल्याला काय कळतं म्हणून गप्प राहायचे. मग एका रात्री पेट्रोल पंपावर, वरच्या पांढऱ्या दिव्याखाली, बोनेटवर दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्यानं जाळं विणावं तसे बारीक गोल चरे दिसले. मी खाली उतरून टपापर्यंत सगळीकडे बघितलं. सगळीकडे तेच.

विश्रामबागकडं एक पॉलिशवाले आहेत, त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. ते चरे मुळात गोल नसतातच. सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण दिव्याच्या उजेडाला आडवे असतील तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळं दिसतं. कंपनीचा रंग म्हणजे खाली प्रायमर, वर निळा थर आणि सगळ्यांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. तिन्ही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सचा एक कागद, फार तर दीड. त्यातला क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनच्या आसपास. आणि पॉलिश म्हणजे चरा भरणं नव्हे. चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळापर्यंत आणायचा, म्हणजे दर पॉलिशला क्लिअर कोट थोडा झिजतोच. पाच हजार रुपये देऊन मी गाडी चकचकीत करून आणली, पण येताना ते म्हणाले ते डोक्यात राहिलं : "ताई, हे सारखं सारखं करता येत नाही. धुणं सुधारा."

त्यानंतर गाडी मी स्वतः धुवायची ठरवली, दर पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी सातला, ऊन यायच्या आत.

आधी आपल्याकडच्या घाणीबद्दल सांगते, कारण मिट त्यासाठीच निवडायचा आहे. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येतो आणि दाराच्या खालच्या पट्टीवर वाळून बसतो. उन्हाळ्यात रस्त्याच्या कामांची कच उडते. आणि दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की सकाळी गाडीवर काजळीचे काळे कण पडलेले असतात. ती उसाच्या चिपाडाची राख. दिसायला काजळासारखी मऊ, पण तिच्यात सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचीच भाऊबंद. आमच्या गल्लीत निम्मे लोक सकाळी गाडी काढताना ती कोरड्या फडक्यानं झटकतात. मला आता ते बघवत नाही. आमचे हेही तेच करायचे. मी गाडीतलं पिवळं फडकं काढून थेट युनिटमध्ये मशिनं पुसायला नेलं.

चरा कापडानं पडत नाही. कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या कणानं पडतो. म्हणून मिट मऊ आहे का, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की कण उचलला तर तो जातो कुठं. स्पंजचा पृष्ठभाग सपाट, कणाला आत शिरायला जागाच नाही, तो स्पंज आणि पत्र्याच्या मध्ये घासत राहतो. जुन्या बनियनचं तेच. लांब लवेच्या कापडात कण लवेच्या मुळाशी जातो आणि रंगापासून लांब राहतो. पण तिथंच अडकून बसला तर पुढच्या वेळी तोच आपला वैरी. म्हणून कण आत घ्यायला हवा आणि बादलीत बुचकळला की सोडायलाही हवा. माझ्या मते मिटची परीक्षा एवढीच आहे, आणि दुकानात नुसता गालाला लावून ती होत नाही.

मिरज रस्त्यावरच्या गाडीसामानाच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदार काका म्हणाले, "घ्या की ओ ताई कुठलाबी, सगळे सारखेच. हाताला मऊ लागला की झालं." मी म्हटलं, काका, उलटा करून बघू का? त्यांनी बघू दिलं. अर्धा तास त्यांच्या काउंटरवर मी एकेक मिट मोज्यासारखा उलटा करत होते, आणि त्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही, हे मुद्दाम लिहिते.

पहिला घेतला तो शेनिलचा, जाड बोटबोट असलेला, १८० रुपयांना. आमच्या धंद्यात मखमलीसारख्या कापडाला शनील म्हणतात, तो शब्द इथूनच आलेला. फ्रेंचमध्ये शेनिल म्हणजे सुरवंट, आणि हा मिट दिसतोही तसाच, सुरवंट ओळीनं चिकटवल्यासारखा. पाणी आणि फेस भरपूर धरतो, हाताला भरीव वाटतो. दोन-तीन वेळा वापरला तोवर मीही खूश होते. मग एकदा वाळल्यावर बोटं फाकवून खिडकीच्या उजेडात धरला. बुंध्याशी, जिथं प्रत्येक बोट कापडात शिवलेलं असतं, तिथं बारीक काळी कच आणि वाळलेल्या गवताची काडी. मी तो तीनदा पिळून धुतला होता. प्रत्येक बोट म्हणजे घट्ट पिळाचा गोळा, दोन बोटांच्या मधे शिरलेली घाण बाहेर यायला बोट घालून चोळावं लागतं. पांढरी किंवा चंदेरी गाडी असेल आणि प्रत्येक वेळी एवढं निगुतीनं धुणार असाल, तर स्वस्तात वाईट नाही. गडद गाडीला मी तो वापरणार नाही.

दुसरा ऑनलाइन मागवला, खऱ्या लोकरीचा, तेराशे पन्नासला. इतकी सुंदर वस्तू मी गाडीसामानात दुसरी पाहिलेली नाही. मेंढीचं कातडं, त्यावरच उगवलेली दाट लोकर, त्यामुळे लवेला मधे शिवण नाहीच. ओला केला की रंगावरून नुसता घरंगळतो, आणि पाण्यात दोन हेलकावे दिले की घाण खाली बसते. रंगाच्या सुरक्षिततेचं म्हणाल तर तिन्हींत हाच वरचढ. पण आपली हवा त्याला मानवत नाही. जुलैत तीन दिवस वाळेना, कुबट वास मारायला लागला. चौथ्या दिवशी ऊन पडलं तर आमच्या एका बाईनं चांगल्या मनानं दोरीवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत आतलं कातडं पापडासारखं कडक. तिची चूक नाही, मी सांगितलंच नव्हतं. ज्याच्याकडे पंख्याखाली सावलीत वाळवायची सोय आणि सवड आहे त्यानं जरूर घ्यावा. मला ते जमलं नाही.

तिसरा, जो मी गेलं सव्वा वर्ष वापरतेय, तो लांब लवेचा मायक्रोफायबर मिट. राखाडी, दोन्ही बाजूंना सारखीच लव, ४२० रुपये, त्याच काकांकडून. मायक्रोफायबर म्हणजे एक डेनिअरपेक्षाही बारीक तंतू. नऊ हजार मीटर तंतूचं वजन एक ग्रॅम भरलं तर तो एक डेनिअर, यावरून बारीकपणाचा अंदाज करा. बहुतेक पॉलिस्टर, थोडा पॉलिअमाइड. याची लव माझ्या करंगळीच्या पेराएवढी लांब, आणि महत्त्वाचं म्हणजे मोकळी, पीळ नसलेली. बादलीत बुचकळून हात हलवला की प्रत्येक केस वेगळा होतो आणि माती सुटते. मी पांढऱ्या बादलीत बघितलंय, दोन हेलकाव्यांत तळाशी कच दिसते. शेनिलला तेवढ्यासाठी नळाखाली पाच मिनिटं लागायची.

आता शिवणीचं, जे मला कुणी सांगितलं नाही आणि ज्यावर मी जीव तोडून बोलेन. काउंटरवर बघितलेल्या एका मिटला कडेनं बाहेरून पायपिंग होतं. पॉलिस्टर पट्टीची दुमडलेली कड, तीही चार पदरी. बोनेटच्या वळणावर हात फिरवला की लव बाजूला होते आणि ती कड रंगाला लागते. मी तो परत ठेवला. दुसऱ्याचं लेबल पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं. त्या दोऱ्याचं टोक कापल्यावर सुईसारखं उभं राहतं, ब्लाउजच्या गळ्याशी असेल तर बाई दिवसभर मान खाजवते. तेच टोक ओल्या क्लिअर कोटवर काय करेल? मी घेतलेल्या मिटची शिवण आत आहे, ओव्हरलॉक करून उलटवलेली, आणि लेबल मनगटाच्या पट्टीच्या आतल्या बाजूला. तरीही घरी आणल्यावर लेबल उसवून काढलं आणि सुट्या दोऱ्यांची टोकं कात्रीनं उडवली.

याचा दोष एकच, पण रोजचा. आतलं अस्तर सुटं आहे. ओला हात बाहेर काढला की अस्तर सोबत बाहेर येतं, पुन्हा घालताना बोटं अडकतात. मी बोटांच्या टोकाकडच्या दोन्ही कोपऱ्यांत आतून अस्तर आणि शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडचं राखलेलं कापड, एकत्र धरून दोन-दोन टाके घातले. सुती दोरा, दोन मिनिटांचं काम, त्यानंतर अस्तर एकदाही आलेलं नाही. सुईदोरा हातात धरता येणाऱ्या कुणालाही हे जमेल. फक्त टाका लवेच्या बाजूला बाहेर येऊ द्यायचा नाही. मनगटाचं इलॅस्टिकही आता थोडं सैल पडलंय, पण ते बदलायला मला कुणाकडे जायला नको.

घेण्याआधी एक चाचणी केली होती. घरात एमएस-सीआयटीच्या वेळची जुनी सीडी होती. तिच्या चकचकीत बाजूवर कोरडा मिट जरा दाबून दहा-बारा वेळा फिरवायचा आणि बॅटरीच्या उजेडात बघायचं. सीडीचं प्लास्टिक गाडीच्या रंगापेक्षा नाजूक असतं, त्यामुळे चाचणी कडक आहे. राखाडी मिटनं ओरखडा पाडला नाही. पायपिंगवाल्याची कड घासल्यावर तीन रेघा स्पष्ट दिसल्या. सीडी मी पिशवीत घालून दुकानात नेली होती. आता काकाही गिऱ्हाइकांना ती चाचणी दाखवतात.

रंग फिकाच घ्या. काळ्या किंवा गडद लाल मिटवर घाण दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून आपण ती धुतही नाही.

धुण्याची रीत थोडक्यात. आधी नुसत्या पाण्यानं गाडी भरपूर भिजवायची, वाळलेला चिखल फुगून आपोआप गळू द्यायचा. बादल्या दोन : एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. एक भाग झाला की मिट आधी साध्या पाण्यात झटकायचा, मगच शाम्पूत. भांड्यांचा साबण नको, तो रंगावर लावलेलं वॅक्स काढून टाकतो. टपापासून खाली यायचं, हात सरळ रेषेत, वजन न देता. दाराची खालची पट्टी, बंपर आणि चाकं यांना राखाडी मिट लागू द्यायचा नाही, तिथं आता तो जुना शेनिल वापरते. आणि मिट हातातून खाली पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. मला एकदा मोह झाला होता, फक्त टप राहिला होता, पण लव उलगडली तर तिच्यात अंगणातली बारीक वाळू होती. टप दुसऱ्या दिवशी धुतला.

मिट धुवायला कोमट पाणी आणि थोडा द्रव साबण, हातानं. कपडे मऊ करायचं सुगंधी औषध अजिबात घालू नका, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि लवेचा मोकळेपणा जातो. सुती टॉवेलबरोबर मशिनमध्येही नको, टॉवेलचे सगळे तूस त्याला चिकटतात. पिळून झटकायचा आणि सावलीत वाळवायचा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे, पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी नळाचं घेते, गाडीलाही आणि मिटलाही.

परवा त्याच पंपावर रात्री हवा भरायला थांबले होते. त्याच दिव्याखाली बोनेटवर ओणवी होऊन बघितलं, मग टप, मग चारी दारं. जाळं नाही. ड्रायव्हरच्या बाजूच्या हँडलमागच्या खोबणीत तेवढे चार-पाच बारीक चरे आहेत. ते माझ्या नखांचे.