वैद्यकीय उपकरण क्षेत्रासाठी माणसे शोधून देणारी संस्था : तीन जागांचा अनुभव

आमची कंपनी इन्फ्युजन पंप, म्हणजे रुग्णाच्या शरीरात औषध ठरावीक वेगाने सोडणारी यंत्रे, बनवते. गेल्या वर्षी रेग्युलेटरी (सरकारी मंजुऱ्या आणि नियमपालन), क्वालिटी आणि सॉफ्टवेअर या विभागांत एकेक जागा भरायची होती, म्हणून केवळ वैद्यकीय उपकरण क्षेत्रातच भरतीचे काम करणाऱ्या एका संस्थेकडे आम्ही ते सोपवले.

पहिल्याच बैठकीत त्यांच्या सल्लागार बाईंनी विचारले, "तुमचे सॉफ्टवेअर बी वर्गातले की सी?" हा प्रश्न याआधी एकाही भरती संस्थेने आम्हाला विचारला नव्हता. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी असलेल्या आयईसी ६२३०४ या मानकानुसार ज्या सॉफ्टवेअरच्या बिघाडामुळे रुग्णाचा मृत्यू किंवा गंभीर इजा संभवते ते सी वर्गात मोडते आणि त्यासाठी प्रत्येक घटकाची तपशीलवार रचना कागदावर आणावी लागते. तेव्हा माणूस कोणत्या शिस्तीत वाढलेला हवा, हे याच उत्तरावर ठरते.

रेग्युलेटरीच्या जागेसाठी त्यांचे काम खरोखर उत्तम होते. युरोपचा एमडीआर, म्हणजे वैद्यकीय उपकरणांचा कायदा, २६ मे २०२१ पासून लागू झाल्यावर जो तो बायोडेटात 'एमडीआरचा अनुभव' असे लिहू लागला आहे. या संस्थेने मात्र प्रत्येक बायोडेटासोबत एक पानी टिपण दिले होते. त्यातले एक वाक्य मला अजून आठवते: "क्लिनिकल इव्हॅल्युएशन रिपोर्ट तपासले आहेत, स्वतः लिहिलेले नाहीत." हा रिपोर्ट म्हणजे उपकरण सुरक्षित आणि परिणामकारक असल्याच्या वैद्यकीय पुराव्यांचा अहवाल. एवढ्या एका ओळीने आमची मुलाखतींची एक अख्खी फेरी वाचली.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र निराशा झाली. आलेल्या पाच जणांपैकी चौघे वाहन उद्योगातले होते. सुरक्षेची शिस्त दोन्हीकडे सारखीच, असा संस्थेचा दावा होता आणि तो अर्धाच खरा आहे. वाहनांच्या सुरक्षेच्या आयएसओ २६२६२ या मानकावर काम केलेल्या माणसाला ट्रेसेबिलिटी, म्हणजे प्रत्येक गरज, रचना आणि चाचणी एकमेकींशी जोडून दाखवणे, शिकवावी लागत नाही, हे मान्य. पण वैद्यकीय उपकरणांच्या जोखमीसाठीच्या आयएसओ १४९७१ या मानकाप्रमाणे रुग्णाला होणाऱ्या इजेपासून मागे जात जोखमीचा विचार करायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता. अखेर ती जागा आमच्याच एका इंजिनिअरच्या ओळखीतून भरली.

त्यांची यादी थोडी जुनाट वाटली, तीही दुसऱ्या कारणाने. एफडीए या अमेरिकी नियामक संस्थेचे गुणवत्तेचे नियम २ फेब्रुवारी २०२६ पासून आयएसओ १३४८५:२०१६ या वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय गुणवत्ता मानकावर आधारलेले आहेत, तरी त्यांच्याकडे उमेदवारांची 'एफडीएवाले' आणि 'युरोपवाले' अशी विभागणी अजून कायम आहे. क्वालिटीसाठी आम्हाला मिळालेला चांगला माणूस त्या दुसऱ्या कप्प्यातला होता आणि तो आम्ही मागून घेतला म्हणूनच पुढे आला.

करार करताना बदली उमेदवाराची मुदत, म्हणजे माणूस टिकला नाही तर संस्था किती काळापर्यंत दुसरा देईल ते, नीट वाचावी. त्यांची मुदत रुजू झाल्यापासून ९० दिवसांची आहे, पण क्वालिटीच्या माणसाचा खरा कस पहिल्या बाह्य ऑडिटमध्ये लागतो आणि आमचे ऑडिट सातव्या महिन्यात होते. आम्ही मुदत वाढवून मागितली, तेव्हा फारशी घासाघीस न करता त्यांनी ती दिली.