डायलवाली इस्त्री: काही महिन्यांच्या वापरानंतर, आतल्या पट्टीसकट

आधी निकाल सांगते: इस्त्री चांगली आहे, बदलायचा विचार नाही. 1000 वॅट, वाफ नाही, स्क्रीन नाही. फिरवायचा डायल, एक लाल दिवा आणि बऱ्यापैकी जड तळ. तक्रारी दोन आहेत, त्या पुढे येतीलच. पण ही इस्त्री खऱ्या अर्थानं वापरता यायला लागली ती तिच्या पोटातली छोटीशी पट्टी काय करते हे समजल्यावर. त्यामुळे हा अनुभव इस्त्रीइतकाच त्या पट्टीचाही आहे.

शाळेत द्विधातू पट्टी सगळ्यांनीच वाचलेली असते. दुरुस्तीवाले तिला सरळ 'बायमेटल' म्हणतात. दोन वेगळ्या धातूंच्या पातळ पट्ट्या पूर्ण लांबीभर एकमेकींना जोडलेल्या. तापल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त वाढतं. दोन्ही सुट्या असत्या तर एक जराशी लांब झाली असती आणि विषय संपला असता. पण जखडलेल्या असल्यामुळे जास्त वाढणारीला ती लांबी कुठेतरी सामावून घ्यावी लागते. ती वळणाच्या बाहेरच्या बाजूला जाते आणि पूर्ण पट्टी कमी वाढणाऱ्या धातूकडे वाकते. थंड झाली की पुन्हा सरळ.

यातली खरी गंमत आकड्यांत आहे. 100 मिलिमीटर लांबीची पट्टी 100 अंश सेल्सिअसनं तापवली तर पितळ साधारण 0.19 मिमी वाढतं, पोलाद साधारण 0.12 मिमी. फरक 0.07 मिमी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा हालचालीवर कोणतं बटण दाबलं जाणार? पण तीच जोडपट्टी एकूण 1 मिमी जाडीची असेल आणि एक टोक घट्ट धरलेलं असेल, तर दुसरं टोक सुमारे 5 मिमी सरकतं. जाडी अर्धी केली तर ही हालचाल दुप्पट होते, लांबी दुप्पट केली तर चौपट. म्हणून तर डायलच्या थर्मामीटरमध्ये लांबलचक पट्टी गुंडाळून बसवतात. तापली की गुंडाळी पिळली जाते आणि काटा फिरतो. ना सेल, ना वायर.

ही कल्पना जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीची, अठराव्या शतकातली. समुद्रावर चालणाऱ्या घड्याळाची गती थंडी-उन्हानं बदलू नये म्हणून त्यानं आपल्या एच-3 या घड्याळात पितळ आणि पोलाद रिव्हेटनं जोडून पट्टी बनवली. नंतर 1896 साली शार्ल एदुआर गियोम या भौतिकशास्त्रज्ञांना इन्व्हार सापडलं: सुमारे 36 टक्के निकेल असलेलं लोखंड, जे नेहमीच्या तापमानाला पोलादाच्या साधारण एक दशांशच वाढतं. पट्टीतला 'न वाढणारा' जोडीदार म्हणून याहून चांगलं काय मिळणार? 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरच्या कामासाठीच मिळालं.

आता इस्त्री. पट्टी तळाला टेकून बसवलेली असते. तळ तापला की ती वाकते, चिनीमातीच्या छोट्या खुंटीला ढकलते, आणि ती खुंटी दोन कॉन्टॅक्ट पॉइंट एकमेकांपासून दूर करते. वीज बंद, दिवा बंद. तळ निवला की पट्टी मागे येते, पॉइंट चिकटतात, वीज चालू. डायल फिरवल्यानं एलिमेंटला जाणारी वीज कमी-जास्त होत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वीज एकतर पूर्ण चालू असते, नाहीतर पूर्ण बंद. डायल फक्त एक स्क्रू वर-खाली करतो, म्हणजे पॉइंट सुटायला पट्टीनं किती वाकावं लागेल ते ठरवतो. त्यामुळे 'लवकर तापावी' म्हणून डायल शेवटपर्यंत फिरवण्यात काही अर्थ नाही. ती तेवढ्याच वेगानं तापते, फक्त नको तितकी पुढे जाते.

डायलवरचे ठिपके म्हणजे तळाचं कमाल तापमान: एक ठिपका सुमारे 110 अंश, दोन 150, तीन 200. कपड्याच्या लेबलावरही हेच ठिपके असतात. मल्टीमीटरला थर्मोकपल (तापमान मोजणारी, टोकाला जोडलेली तारांची जोडी) लावून मी तळ तपासला (चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन वापरू नका, ती बरंच कमी दाखवते). दोन ठिपक्यांवर तापमान एका आकड्यावर थांबतच नाही. ते सावकाश खाली-वर होत राहतं आणि हा झोका वीसेक अंशांचा सहज असतो. सुरुवातीला मला हा दोष वाटला. तो दोष नाही. पॉइंट जिथे सुटतात आणि जिथे पुन्हा चिकटतात त्या दोन तापमानांत अंतर नसतं, तर इस्त्री सतत चालू-बंद होत राहिली असती आणि दर वेळच्या ठिणगीनं पॉइंट लवकर जळाले असते.

सगळ्यात मोठा झोका पहिला. थंड इस्त्री लावली की तळ झपाट्यानं तापतो, पट्टीपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो आणि ती वाकेपर्यंत तळ पुढे निघून गेलेला असतो. म्हणजे दिवा पहिल्यांदा विझतो तेव्हा इस्त्री तयार नसते. उलट त्या बैठकीतली सगळ्यात जास्त गरम तेव्हाच असते. रेशमी किंवा सिंथेटिक कपडा त्या क्षणी खाली घेऊ नये. दिवा पुन्हा लागून पुन्हा विझेपर्यंत थांबावं. नंतरचे झोके बरेच लहान असतात.

दुसरी सवय क्रमाची. पट्टी तापवणं थांबवू शकते, तळ थंड करू शकत नाही. वरून खाली यायचं तर नुसतं वाट बघत बसायचं, आणि जड तळाला निवायला बराच वेळ लागतो. म्हणून आधी एक ठिपक्याचे कपडे, मग दोन, शेवटी सुती. वजनाचा फायदाही इथेच कळतो: ओलसर जाड कपड्यावरही तळ पटकन गार पडत नाही.

एकदा ही पट्टी कळली की ती सगळीकडे दिसायला लागते. पाणी उकळायच्या इलेक्ट्रिक किटलीत ती चकतीच्या रूपात असते, किंचित बशीसारखी. ठरावीक तापमानाला ती हळूहळू वाकत नाही, टक्कन उलटते आणि स्विच पाडते. मात्र ही चकती पाण्यात नसते. बऱ्याच किटल्यांत पाण्याची वाफ एका वाटेनं तिच्यापर्यंत आणलेली असते. झाकण उघडं ठेवून पाहा: पाणी खळखळ उकळत राहतं आणि किटली बंद व्हायचं नाव घेत नाही, कारण वाफ वरच्या वर निघून जाते. कोरडी किटली चालू केली तर वाचवणारी चकती वेगळी असते, तळाशी.

घरातल्या एमसीबीमध्येही (वीज जास्त वाहिली की आपोआप पडणाऱ्या स्विचमध्ये) ती आहे. शॉर्टसर्किटला तिथलं विद्युतचुंबक क्षणात तोडतं. पण थोडा जास्त भार बराच वेळ राहिला तर पट्टी तापत तापत ट्रिप करते. 10 अँपिअरचा एमसीबी 11.3 अँपिअरवर तासभर तग धरायला हवा आणि 14.5 अँपिअरवर तासाच्या आत पडायला हवा, असं प्रमाण आहे. भारानं पडलेला एमसीबी लगेच वर केला तर कधी कधी टिकत नाही. पट्टी अजून गरम असते, थोडं थांबायचं.

माझी सर्वांत आवडती मात्र जुन्या ट्यूबलाइटच्या स्टार्टरमधली. आतल्या काचेच्या फुग्यात वायू चमकतो, त्या उष्णतेनं पट्टी वाकून पॉइंट जोडते, ट्यूबच्या दोन्ही टोकांचे फिलामेंट तापतात. पॉइंट जोडल्यामुळे चमक विझलेली असते, पट्टी निवते, पॉइंट सुटतात, आणि त्या झटक्यानं चोक (ट्यूबला जोडलेली तारेची गुंडाळी) जो उच्च विद्युतदाब देतो त्यानं ट्यूब पेटते. ना चिप, ना टायमर.

तापमान राखणाऱ्या अशा आपोआप चालू-बंद स्विचला थर्मोस्टॅट म्हणतात. सगळ्याच थर्मोस्टॅटमध्ये पट्टी असते असं मात्र नाही. फ्रीजचा मुख्य थर्मोस्टॅट बहुधा वायू भरलेल्या बारीक नळीवर चालतो. गिझरच्या दांडीवाल्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी नळी आणि आत इन्व्हारची दांडी असते. तत्त्व तेच, फक्त वाकणं नाही.

आता तक्रारी. पहिली: डायलवरच्या खुणा आणि प्रत्यक्ष तापमान जुळत नाही. माझ्याकडे एक ठिपका प्रत्यक्षात बराच गरम निघाला, त्यामुळे नायलॉनसाठी मी खुणेच्या बरंच अलीकडे थांबते. अशा इस्त्रीत डायलच्या दांड्यात जुळवणीचा स्क्रू असू शकतो, पण तो हातात मल्टीमीटर आणि माहिती असणाऱ्यानंच हलवावा. चुकून जास्त फिरला तर पॉइंट सुटणारच नाहीत आणि मग फक्त थर्मल फ्यूज वाचवेल. तो एकदाच वाचवतो, नंतर बदलावा लागतो. दुसरी तक्रार दिव्याची. विझण्याच्या बेताला तो कधी कधी लुकलुकतो आणि त्याच वेळी शेजारचा रेडिओ खरखरतो. पॉइंट हळूहळू सुटणाऱ्या रचनेत हे व्हायचंच. टक्कन सुटणारी रचना असती तर झालं नसतं. तेवढे पैसे कंपनीनं वाचवले आहेत.

कपड्यावर उष्णतेनं चित्र किंवा अक्षरं चिकटवायची असतील, तर ही इस्त्री घेऊ नका. त्या कामाला तापमान एका जागी धरून ठेवावं लागतं, वीस अंशांचा झोका तिथे चालत नाही. इलेक्ट्रॉनिक सेन्सरवाली बघा. रोजच्या कपड्यांना ही पुरते. फक्त इस्त्री खाली आपटू देऊ नका: पॉइंटची पाती किंचित जरी वाकली तरी डायलवरच्या खुणा सरकतात, आणि मग सगळा अंदाज नव्यानं बांधावा लागतो.