रोजच्या चहासाठी बोन चायनाची कपबशी: सात-आठ महिन्यांनंतर

आमच्याकडे चहा उकळून होतो, आलं, दूध, साखर घालून. पुढचं सगळं त्याच चहाला धरून वाचावं. गेल्या दिवाळीपासून दोन्ही वेळचा चहा बोन चायनाच्या कपात घेतोय. कप काठोकाठ १५० मिलीचा, म्हणजे बेताने भरला की १२० मिली चहा.

पहिलं कौतुक काठाचं. जाड काठाच्या मगातून घोट नको तेवढा मोठा येतो आणि आल्याचा झणका कळायच्या आत चहा घशाखाली जातो. इथे काठ पातळ, त्यामुळे घोट लहान आणि चव पूर्ण. या मातीत गुरांच्या हाडांची राख मिसळलेली असते. तिच्यामुळेच भिंत इतकी पातळ करूनही कप दणकट राहतो, आणि उजेडासमोर धरला तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. ज्यांच्या घरी हाडांची राख चालत नाही, त्यांनी पातळ काठाचा साधा पोर्सिलेनचा कप घ्यावा, चहाच्या चवीत फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. ऑफिसात माझ्याकडे दुहेरी भिंतीचा स्टीलचा कप आहे. त्यात चहा पाव तासानंतरही जीभ पोळतो. ६५ अंश सेल्सिअसच्या वरची गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं आहे. चहा तासभर गरम राहणं हा कपाचा गुण मानणं मी तेव्हापासून सोडलं. तीनशे मिलीच्या मगात उलटी तऱ्हा: जाड भिंत सुरुवातीलाच उष्णता ओढून घेते, आणि तळाचा चहा कोमट होऊन वर साय धरतो. लहान, पातळ कपात चहा लवकर पिण्याजोगा होतो आणि निवायच्या आत संपतो.

बशीही नीट बघून घ्या. आमचे सासरे बशीत ओतूनच पितात. हल्लीच्या बऱ्याच बश्या सपाट असतात, त्यात ओतलेला चहा उचलताना सांडतो. आमची खोलगट आहे, म्हणून ते खूश.

तक्रारी दोन. काठावरची सोनेरी रेघ घासून घासून फिकी पडली, शिवाय तिच्यामुळे कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही, ठिणग्या उडतात. रेघ नसलेलाच घ्या. आणि सिंकच्या नळाला आपटून एका कपाचा टवका उडाला. तो आता चहाला वापरत नाही, ओठ कापेल. चहाचे डाग मात्र खायच्या सोड्याने लगेच निघतात.

दुकानात सुटे कप मिळत असतील तर सहाचा सेट घेऊ नका. आधी एक घ्या, टिचकी मारून खणखणीत वाजतो का ऐका, आणि कपाच्या कानात बोट घालून बघा. माझं एकच बोट जातं आणि भरलेला कप तेवढ्यावर तोलला जातो, पण सासऱ्यांच्या सुजलेल्या सांध्यांना तो कान अरुंद पडतो. त्यांच्यासाठी मोठ्या कानाचा वेगळा आणला.