'आद अस्त्रा': सात महिन्यांत दोनदा वाचल्यावर

मिहाची कागानोच्या ह्या मांगाचे (म्हणजे जपानी कॉमिकचे) 13 खंड पहिल्यांदा तीन आठवड्यांत संपवले आणि शेवटी पार हिरमुसायला झालं. म्हटलं आपणच घाई केली असेल, म्हणून नंतर सहा महिने रोज रात्री जेवणं उरकली की थोडंथोडं असं परत वाचलं. तरी शेवटाबद्दल मत तेच.

विषय कार्थेजचा (उत्तर आफ्रिकेतल्या शहर-राज्याचा) सेनापती हॅनिबल आणि रोमन सेनापती स्किपिओ, म्हणजे रोम-कार्थेजचं दुसरं प्युनिक युद्ध. मासिकात 2011 ते 2018 चालली. सुरुवात काय जबरदस्त आहे यार! आल्प्स ओलांडणं, मग ट्रेबिया, ट्रासिमीन आणि कॅनी ह्या लढाया. कॅनी वाचताना मी काड्यापेटीतल्या काड्या टेबलावर मांडल्या, मधली रांग पुढे फुगलेली, ती हळूहळू मागे सरकते, रोमन आत घुसत जातात, दोन्ही बाजूंचं आफ्रिकन पायदळ आत वळतं आणि मागून घोडदळ येऊन तोंड बंद करतं. धाकट्या भावाला मांगात काडीचा रस नाही, पण तोही परत दाखव म्हणाला.

आता हे झालं इ.स.पू. 216 चं. झामाला, म्हणजे शेवटच्या लढाईला, अजून 14 वर्षं आहेत, त्यात सिराक्यूज, स्पेन, मेटॉरस इथल्या लढाया, शिवाय इटलीत अडकून पडलेला हॅनिबल, ज्याला घरून धड कुमक येत नाही. ह्याच वर्षांत स्किपिओ त्याची विद्या शिकतो. माझ्यासाठी खरी गोष्ट ती आहे, आणि नेमकी तिथेच मांगा पळायला लागते असं दोन्ही वेळा वाटलं.

झामाच घ्या. हॅनिबलकडे 80 च्या वर हत्ती, स्किपिओने त्यांना जायला तुकड्यांमध्ये सरळ वाटा मोकळ्या ठेवल्या. शेवटी हॅनिबलचे इटलीतले जुने सैनिक भिडले तेव्हा सामना बरोबरीचा होता, मग स्किपिओच्या बाजूच्या लेलिअस आणि मासिनिसाचं घोडदळ मागून आलं. कॅनीत त्याने जे केलं तेच त्याच्यावर! इथे मला थांबायचं होतं, परत काड्या मांडाव्यात इतकं, पण पानं पुढे गेलेली.

मित्र म्हणाला निकाल तर माहीतच असतो. अरे पानिपतचा निकाल आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तरी वाचताना दुपारपर्यंत आशा सुटत नाही ना? त्या आशेला जागा लागते, पानं लागतात.

आणि युद्धानंतरचं तर केवढं आहे, कार्थेजने 10,000 टॅलेंट (चांदीचं वजन) खंडणी 50 वर्षांत फेडायची, इ.स.पू. 196 मध्ये हॅनिबल स्वतः सुफेत (कार्थेजचा सर्वोच्च अधिकारी) होऊन राज्याचा पैशाचा कारभार सुधारतो, पुढच्याच वर्षी त्याला देश सोडावा लागतो, शेवटी बिथिनियात विष घेतो. तिकडे स्किपिओही रोमपासून लांब लिटर्नमला मरतो. ह्या दोघांच्या म्हातारपणाला एक अख्खा खंड द्यायलाच हवा होता.

तरीही वाचाच. 'हिस्टोरी' ही दुसरी ऐतिहासिक मांगा 2003 मध्ये सुरू झाली, 12 वा खंड यायला 2024 उजाडलं आणि गोष्ट अजून अर्धवटच, त्यापेक्षा ही निदान पूर्ण आहे. कॅनीपर्यंत सलग वाचा, पुढे मुद्दाम थांबत थांबत. मी आता तिसऱ्यांदा नुसता स्पेनचा भाग काढून बसलोय.