आधी शुखोव, की आधी कोलिमा?

श्रमछावणीवरची एकच जबरदस्त कादंबरी सांगा म्हटलं की ठरलेली नावं पुढे येतात. त्यातलं दोस्तोयेव्हस्कीचं ‘मृतांचं घर’ मी तूर्तास बाजूला ठेवतो. ओम्स्कच्या तुरुंगातली त्याची ४ वर्षं झारच्या काळातली. बेड्या आहेत, फटके आहेत, पण नाताळात कैदी नाटकही बसवतात. ते सवडीने वाचायचं पुस्तक. खरी ओढाताण होते ती सोल्झेनित्सिनच्या ‘इव्हान देनिसोविचच्या आयुष्यातला एक दिवस’ (शुखोव हे याच कैदी इव्हानचं आडनाव) आणि शालामोव्हच्या ‘कोलिमा कथा’ यांच्यात. कोलिमा म्हणजे रशियाच्या ईशान्येचा, छावण्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला गोठलेला प्रदेश. दोघेही स्टालिनच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून आलेले, त्यामुळे खऱ्याखोट्याचा प्रश्नच नाही.

‘कोलिमा’ ही कादंबरी नव्हे, कथांचा ढीग आहे. तरी लोक ती सुचवतात, आणि त्यात काही वावगं नाही. मी दोन्ही इंग्रजीतून वाचली, आणि सुरुवात कोलिमापासूनच केली. जे जास्त भयंकर ते जास्त खरं, असा माझा हिशेब होता.

भयंकर तर ते आहेच. एक कैदी बेरी वेचता वेचता हद्दीच्या खुणांच्या पलीकडे पाऊल टाकतो आणि पहारेकरी त्याला गोळी घालतो. मग हवेत दुसरी गोळी, कारण नियमाने आधी इशारा द्यायचा असतो. सोबतचा कैदी काय करतो? मेलेल्याचा बेरींचा डबा उचलून लपवतो, त्याच्या बदल्यात पाव मिळेल म्हणून. जाताना तोच पहारेकरी त्याला सांगून टाकतो की मला खरं तर तू हवा होतास. सगळं मिळून चार-पाच पानं. शालामोव्ह हळहळत नाही, समजावत नाही, उठून चालायला लागतो.

आणि माझी अडचण नेमकी इथेच झाली. प्रत्येक गोष्ट चार-पाच पानांत संपते, म्हणजे दर चार-पाच पानांनी पुस्तक खाली ठेवायला जागा मिळते. मी ती दर वेळी घेतली. पुढच्या गोष्टीत माणसं नवी, नावं नवी, छावणीही बहुधा वेगळी, की पुन्हा पहिल्यापासून थंडीत उतरायचं. पुस्तक पहिल्या खंडालाच जाडजूड, आणि त्यातली खूण आठवडेच्या आठवडे एका जागी. दोष पुस्तकाचा म्हणवत नाही, माझ्या दमाचाही असेल. पण मला सारखं वाटायचं, आपण छावणीत जात नाही आहोत, दाराशी जाऊन परत येतो आहोत.

‘एक दिवस’मध्ये प्रकरणंच नाहीत. सुरुवातीला वैताग येतो, थांबायचं कुठे तेच कळत नाही. पहाटे ५ वाजता लोहमार्गाच्या रुळावर हातोडा वाजतो तो शुखोव आडवा होईपर्यंत सलग. पावाचा अर्धा तुकडा गादीत घालून तो वरून शिवून टाकतो, सुईदोरा टोपीत लपवलेला असतो. तो तुकडा संध्याकाळी जागेवर असेल का, ही काळजी दिवसभर माझ्याही मागे होती. आणि ते बांधकाम! वीजकेंद्राची भिंत चढते आहे, कडाक्याच्या थंडीत माल गोठायच्या आत थर लावायचा आहे. मुकादम त्यूरिन, नौदलातला कप्तान, लातवियन किल्दिग्स, सगळे एका तालात. सुट्टीचा इशारा होऊन गेला तरी शुखोव उरलेला माल वाया जाऊ देत नाही, आणि निघता निघता मागे वळून भिंत सरळ आली का ते नजरेने तपासतो. ती भिंत कुणाची आणि कशासाठी, हे माहीत असूनही. सोल्झेनित्सिनने छावणीत स्वतः गवंडीकाम केलं होतं, ते इथे दिसतं. मी ते पान तेव्हाच्या तेव्हा पुन्हा वाचलं. शालामोव्हच्या कुठल्याही पानाकडे असा परत वळलो नाही, कदाचित धीर झाला नसेल.

आता उलट बाजू. शुखोवची छावणी त्यातल्या त्यात सुसह्य, हा आक्षेप खरा आहे, आणि तो खुद्द शालामोव्हचाच आहे. १९६२ मध्ये ‘नोव्ही मीर’ मासिकात हे लिखाण आलं, तेव्हा त्याने सोल्झेनित्सिनला पत्र लिहिलं. तुमच्या दवाखान्याजवळ मांजर फिरतं, खऱ्या छावणीत ते केव्हाच खाल्लं गेलं असतं, असं त्यात आहे. ज्याने १९३७ पासून कोलिमा भोगली त्याच्याशी कोण वाद घालणार? पण त्याच पत्रात असंही आहे की ही गोष्ट वाचताना दोन रात्री त्याला झोप नव्हती. म्हणजे खाली ठेवायला जागा त्यालाही सापडली नसावी.

त्यामुळे ‘एकच’ म्हणाल तर, माझ्यापुरतं, शुखोव. विलेट्सचा इंग्रजी अनुवाद मिळाला तर तो घ्या, तो मूळच्या न कापलेल्या संहितेवरून केलेला आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी बसलात तर अंधार पडायच्या आत संपेल. कोलिमा त्यानंतर घ्या, आणि एका बैठकीत दोनच्या वर गोष्टी नकोत.