नौपाड्यात अठराव्या शतकातील अमेरिकी नाच : दोन दिवसांच्या कार्यशाळेविषयी

जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी नौपाड्यातील एका सभागृहात ‘सुरुवातीच्या अमेरिकेतील कंट्री डान्स’ या विषयावर कार्यशाळा झाली. रोज तीन तास, माणशी पंधराशे रुपये, आणि नाचाचा पूर्वानुभव आवश्यक नाही, असे जाहिरातीत म्हटले होते. मी आणि माझी पत्नी दोघेही साठीच्या आसपास असल्यामुळे ते शेवटचे वाक्य वाचूनच आम्ही नावे नोंदवली.

‘कंट्री’ या शब्दाने बरीच दिशाभूल केली होती. एक तरुण जोडपे तर काउबॉय टोप्या घालून आले होते. हे नाच काउबॉयच्या काळाच्या बरेच आधीचे असून त्यांचे मूळ इंग्लंडमध्ये आहे, हे शिक्षिकेने पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट केले. जॉन प्लेफर्ड याने लंडनमध्ये १६५१ साली अशा १०५ नाचांचा संग्रह चालींसह छापला. पुढे हा प्रकार समुद्र ओलांडून वसाहतींत गेला, आणि १७८८ साली ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे जॉन ग्रिफिथ्स या नृत्यशिक्षकाने आपला संग्रह काढला, तोवर तो तिकडच्या जमीनदारांच्या दिवाणखान्यांत आणि खानावळींत चांगलाच रुळला होता. पुरुषांची एक रांग, तिच्यासमोर स्त्रियांची दुसरी, आणि वादक बसतात ते टोक ‘वरचे’. आमच्याकडे वादक नव्हते. त्यामुळे ‘वर’ म्हणजे पाण्याच्या पिंपाशेजारच्या टेबलावरचा ब्लूटूथ स्पीकर, आणि मी चुकीच्या दिशेला वळलो की “काका, वर म्हणजे पिंपाकडे” असा पुकारा होई.

या कार्यशाळेचे खरे मोल नाच शिकवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, जुना कागद वाचून दाखवण्यात होते. त्या संग्रहांत एका नाचाची कृती दोन-तीन ओळींत उरकलेली असते : पहिल्या जोडीने मधून खाली जावे, परत वर यावे, बाहेरून वळून एक जागा खाली उतरावे. पावले कोणती टाकायची, हात कसा धरायचा, दुसऱ्या जोडीने रिकामी झालेली जागा केव्हा घ्यायची, यांपैकी काहीही सांगितलेले नसते, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊक असणार हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. बंदिशीची स्वरलिपी हाताशी असूनही गुरूशिवाय ती गाता येत नाही, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथील गुरू दोनशे वर्षांपूर्वीच गेले. वरच्या त्या एका ओळीचे शिक्षिकेने आमच्याकडून दोन अर्थ नाचवून घेतले. पहिल्यात बाहेरून वळणे खाली-वर जाण्याच्याच आठ मात्राखंडांत (म्हणजे चालीच्या आठ समान तुकड्यांत) बसवले, दुसऱ्यात ते पुढच्या खंडांवर ढकलले. पहिल्या वेळी दुसरी जोडी वेळेवर वर सरकली नाही आणि माझा खांदा एका बँक अधिकाऱ्याच्या खांद्यावर असा आदळला की त्यांचा चष्मा फरशीवर गेला. (चष्मा शाबूत होता.) त्या धडकेतून दुसऱ्या जोडीने केव्हा हलायला हवे हे आम्हाला जितके नेमके कळले, तितके ते फळ्यावर कळले नसते. “हे पुस्तकात आहे, आणि हे माझे अनुमान आहे,” असे शिक्षिका प्रत्येक वेळी वेगळे करून सांगत. शिकवणाऱ्याच्या ठिकाणी असा प्रामाणिकपणा मी क्वचितच पाहिला आहे.

जोड्यांनी एकमेकींभोवती आठाच्या आकड्यात विणत जाण्याचा एक प्रकार आहे. तो शिकवताना त्यांनी गोफाचे नाव घेतले, आणि मंगळागौरीत रमलेल्या दोन वहिनींचे पाय क्षणात मोकळे झाले.

आता तक्रारी. त्या काळी तीन-तीन जोड्यांच्या गटाने नाचण्याची पद्धत रूढ होती, म्हणून तीच घेतली हे ठीक. परंतु नाच फक्त सर्वांत वरची जोडी सुरू करते आणि दर आवर्तनाला एकच जागा खाली उतरते, तेव्हा सात जोड्यांच्या रांगेत सातवी जोडी पहिली चार आवर्तने नुसती उभी राहते. ऐतिहासिकदृष्ट्या हे अचूक असेल. पण नवशिक्यांसाठी पहिल्या दिवशी दोन-दोन जोड्यांचे गट करून सर्वांना एकदम नाचू द्यायला हवे होते. पावलांच्या बाबतीत नेमका उलटा प्रकार झाला. सोयीसाठी साधी चाल चालवून घेतली आणि ती सोय असल्याचे सांगितलेही, पण त्या काळी लोक नृत्यशिक्षक लावून पावले शिकत असत, तर त्यांतले एखादे तरी पाऊल आम्हाला करून पाहू द्यायचे होते. जाहिरातीत प्रत्यक्ष व्हायोलिनवादनाचे आश्वासन होते, ते पाळले गेले नाही आणि त्याबद्दल कोणी अवाक्षरही काढले नाही. व्हर्जिनियातील अशा मैफलींत व्हायोलिन वाजवणारे पुष्कळदा गुलामगिरीत ठेवलेले कृष्णवर्णीय वादक असत, ही गोष्टही एका वाक्यात आटोपली. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७७९ साली आपल्या सैन्यातील जनरल ग्रीन यांच्या पत्नीबरोबर एकदाही न बसता तीन तासांहून अधिक नाच केला, हा किस्सा मात्र दोन्ही दिवशी ऐकवला गेला. माझ्या गुडघ्यांनी वीस मिनिटांतच खुर्ची मागितली.

जाणाऱ्यांनी सपाट तळाचे, न घसरणारे बूट घालावेत, कारण कोल्हापुरी त्या गुळगुळीत फरशीवर टिकत नाही. दोघांनीच जावे असेही नाही. दर नाचाला जोडीदार बदलतात, आणि एकट्याने आलेले तिघेजण शेवटी सर्वांत सफाईने नाचत होते. शुल्क मला जास्त वाटले नाही. मात्र त्यात मिळालेली बारा पानी पुस्तिका इतकी फिकट झेरॉक्स केलेली आहे की, ज्या ओळींवर दोन दिवस एवढा काथ्याकूट झाला, त्याच वाचता येत नाहीत. स्वच्छ प्रत ईमेलने पाठवतो, असे आयोजकांनी निघताना सांगितले होते. आज तीन आठवडे झाले, ती आलेली नाही.