डाळ मिलचं कंट्रोल कंटेनरमध्ये: पोळा ते मृग, नागपूरचा अनुभव

गेल्या पोळ्यानंतर कळमन्याकडच्या आमच्या डाळ मिलचं कंट्रोल जुन्या पीएलसीवरून (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) काढलं आणि लिनक्स टाकलेल्या फॅनलेस इंडस्ट्रियल पीसीवर, कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला डबा) बसवलं. तुरीचा हंगाम गेला, मे गेला, मृग लागला. आता लिहायला हरकत नाही. रनटाइम, म्हणजे पीएलसीचा प्रोग्राम पीसीवर चालवणारं सॉफ्टवेअर, कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण पुढच्या बहुतेक भानगडी कोणतंही घेतलं तरी वाट्याला येणारच.

हे करायचं कारण साधं. जुनं पीएलसी मॉडेल बंद झालेलं, त्याचं सॉफ्टवेअर एकाच जुनाट लॅपटॉपवर चालायचं. त्यात बुटीबोरीच्या युनिटला हाच प्रोग्राम हवा होता आणि तिथला कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचा. पीएलसीच्या भाषांचं आयईसी ६११३१-३ हे मानक १९९३ पासून आहे, तरी एका कंपनीच्या पीएलसीचा लॅडर (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेला) प्रोग्राम दुसरीकडे सरळ उघडत नाही, हे या धंद्यातल्या कोणालाही सांगायला नको.

पोर्टेबल होतं का? प्रोग्राम होतो. पॅनेल होत नाही. रनटाइम, ऑपरेटरचा स्क्रीन, एमक्यूटीटी ब्रोकर (या सगळ्यांमध्ये निरोप पोचवणारा) आणि डेटाबेस, सगळ्यांची मांडणी एका कंपोज फाइलमध्ये, म्हणजे कोणते कंटेनर कसे चालवायचे त्या यादीत, आहे. बुटीबोरीला त्याच इमेज (ज्यांवरून कंटेनर सुरू होतात त्या तयार प्रती) पेन ड्राइव्हवर टार फाइल करून नेल्या, कारण प्लांटच्या नेटवर्कला इंटरनेट देत नाही आणि देऊही नये. फक्त आय-ओ मॅपिंगची (कोणतं इनपुट-आउटपुट कुठे जोडलंय त्याची) फाइल बदलली. एका दुपारीत सॉफ्टवेअर उभं. मग कोणता सेन्सर कोणत्या टर्मिनलवर, कोणता कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) उलटा ओढतो, हे तपासण्यात उरलेला आठवडा गेला. तो वेळ कुठलाच कंटेनर वाचवत नाही. स्पेअर म्हणून स्वस्तातला एआरएम बोर्ड (इंटेलपेक्षा वेगळ्या जातीच्या प्रोसेसरचा) ठेवायचा विचार करत असाल तर इमेज एआरएमसाठीही बांधलेली हवी. इंटेलवाली तिथे सुरूच होत नाही.

आता वेळेचं. कंटेनरला स्वतःचं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नसतं, तो होस्टचंच, म्हणजे ज्या पीसीवर चालतो त्याचंच वापरतो. त्यामुळे रिअल-टाइम, म्हणजे काम ठरल्या वेळेतच होण्याची खात्री, हवी तर ती होस्टवर हवी, इमेजमध्ये काहीही घाला. त्यासाठीचा प्रीएम्प्ट-आरटी हा भाग २०२४ मध्ये मुख्य लिनक्समध्ये आलं, ६.१२ पासून वेगळा पॅच शोधत बसावं लागत नाही. आम्ही प्रोसेसरचा एक कोर फक्त रनटाइमला राखून ठेवला, डेटाबेस आणि स्क्रीन बाकीच्यांवर. आमची सायकल, म्हणजे इनपुट वाचून आउटपुट देण्याची एक फेरी, २० मिलिसेकंदांची. एलिव्हेटर, चाळणी, रोल आणि ड्रायरला तेवढं पुष्कळ झालं. हंगामात डेटाबेस दमेपर्यंत लिहीत होता तरी सायकल हलली नाही.

हलली ती मे महिन्यात. बाहेर पारा ४५ च्या वर, पॅनेलच्या आत त्याहून जास्त. पीसी तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि सायकलचा वेळ डोलायला लागतो. जुना पीएलसी याच पॅनेलमध्ये वर्षानुवर्षं निमूट बसला होता, हे त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पॅनेलला एसी बसवला तेव्हा सुटलो. पॅनेल रूममध्ये डेझर्ट कूलर लावा असं सुचवणारे भेटतील. ओलावा आणि डाळीची भुकटी एकत्र आली की टर्मिनलवर काय थर बसतो ते एकदा बघा.

सगळ्यात जपून करायची गोष्ट म्हणजे रीस्टार्ट. कंटेनर पडला की आपोआप उठावा, ही सोय वेबसाइटवाल्यांसाठी उत्तम. आमच्याकडे एलिव्हेटर चोक झाला की माणूस खालचं झाकण उघडून हाताने डाळ काढतो. त्या वेळी प्रोग्राम उठून जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागला तर? म्हणून रनटाइम उठलं की सगळी आउटपुट बंद आणि ऑपरेटरने बटण दाबल्याशिवाय काहीच नाही, असा नियम पहिल्या दिवसापासून घातला. रिमोट आय-ओ कप्लरमध्ये (लांबचे इनपुट-आउटपुट नेटवर्कला जोडणारं युनिट) वॉचडॉग असतो: मास्टरकडून, म्हणजे रनटाइमकडून, काही आलं नाही तर आउटपुट शून्य. काही कप्लरमध्ये तो बंदच येतो. चालू करा आणि नेटवर्क केबल उपटून खात्री करा. इमर्जन्सी स्टॉप आणि पुल-कॉर्ड (ओढली की मशीन थांबवणारी दोरी) तर सेफ्टी रिलेतून थेट वायरनेच आहेत, त्यात सॉफ्टवेअरचा संबंध नाही. कोणी कितीही आधुनिक गप्पा मारल्या तरी ते तसंच राहील.

लाइट जाणं हा पुढचा विषय. पीएलसीमध्ये वीज गेली तरी आकडे जपणारी रिटेन मेमरी आयती मिळते. इथे बॅचचे आकडे कंटेनरच्या आत राहिले तर नवा कंटेनर बनवताच गेले. कंटेनरबाहेर डिस्कवरच्या राखीव जागेत, व्हॉल्यूमवर, ठेवावे लागतात, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. लहान यूपीएस आणि वीज गेल्याचा सिग्नल रनटाइमला, एवढं धरूनच बजेट करा.

बारीकसारीक: डॉकरच्या (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) लॉग फाइलला मर्यादा घातली नाही तर ती डिस्क भरेपर्यंत वाढते. टाइमझोन सांगितला नाही तर कंटेनर यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ, धरतो आणि सकाळी सातची शिफ्ट रिपोर्टमध्ये रात्री दीडला सुरू होते. मुनीमजींनी त्यावरून बरीच करमणूक करून घेतली. व्हीएफडीसाठी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) यूएसबी-सीरियल वापरत असाल तर पोर्टचं नाव रीबूटनंतर बदलू शकतं, आयडीने बांधा. रनटाइमचं लायसन्स मात्र मशीनलाच बांधलेलं आहे, त्यामुळे स्पेअर पीसी तयार असूनही लायसन्स हलवायला फोनाफोनी. पोर्टेबलच्या नावाखाली हे खटकतं.

माणसांचं काय, तर आमचा इलेक्ट्रिशियन पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, पीएलसी बंद पडला तं मी लाइट बघून सांगत होतो. याले काय पाहू?" प्रश्न बरोबर होता. पॅनेलच्या दारावर रनटाइम, आय-ओ आणि नेटवर्कचे तीन दिवे लावले, रात्रपाळीचे फोन निम्म्याहून कमी झाले. कमांड लाइन शिकवायच्या भानगडीत पडलो नाही. त्याने ती का शिकावी?

बाजारात आता पर्याय आहेत. कोडेसिस कंपनीचं कंटेनरमध्ये चालणारं कंट्रोल आहे, सीमेन्सने आपल्या एस७-१५०० पीएलसीचं व्हर्च्युअल रूप काढलंय. डाळ मिल, पाण्याची टाकी, कोल्ड स्टोरेज, अशा निवांत प्रोसेसला मी बिनधास्त हो म्हणेन, पण एकापेक्षा जास्त ठिकाणी तोच प्रोग्राम लागत असेल तरच. एकच मिल, एकच पॅनेल असेल तर नवा पीएलसी घ्या, कमी डोकेदुखी. आमचं सर्व्होवालं (अचूक हालचालीच्या मोटरचं) पॅकिंग मशीन अजून जुन्याच कंट्रोलरवर आहे आणि या दिवाळीपर्यंत तरी त्याला हात लावणार नाही.